नडगीवरचा खड्डा

डॉक्टरबाई, तुम्ही मला विसरला असणार, हे धरूनच मी बोलायला बसले आहे. विसरण्यात तुमचा हात कोण धरणार? जीप घेऊन आमच्या गावात यायचा आणि औषधांची पेटी आरोग्य केंद्रावरच राहिलेली असायची. छत्री आमच्या ओट्यावर इतक्या वेळा राहिली की, आता हिला एकदा हळदीकुंकू लावून घरात घेते, असं माझी सासू म्हणाली होती. चष्मा कपाळावर ढकलून तोच चष्मा सगळ्या गावाला शोधायला लावायचा. पण कुठल्या घरात कोण कितव्या महिन्याची आहे, हे कधी चुकला नाहीत. माणसाचं नाव जायचं, पोट लक्षात राहायचं. तेव्हा माझं नाव सांगत नाही. कोरेगावाकडच्या गावातली, विहिरीजवळच्या घरातली थोरली सून, जिला तुम्ही दाई केलंत, ती मी. पहिला महिनाभर मला अहोजाहो करत होता, दुसऱ्या महिन्यापासून आक्का आणि अगंतुगं. मला ते जास्त आवडलं.

मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दोन पावसाळे पाटी घेऊन खटपट केलीत आणि मी पहिल्या अक्षराच्या पुढे सरकले नाही. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. म्हणाली, आज्जी, डॉक्टरांना पत्र आहे, जरा शुद्ध बोल. मी म्हटलं, डॉक्टर वारल्यात, त्यांना आता कसंबी चालतंय. तर ती हसली आणि तरीही 'कसंही' असंच लिहिलं असणार.

नातीला सातवा चालू आहे. सांगलीतच दिली आहे, दोन गल्ल्या पलीकडे. पाठ दुखते म्हणून आठ दिवस आमच्याकडे पडायला आली आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे आणि माझे गुडघे त्याच्याही आधीपासून. मी खाली गेले त्याला आता सहा महिने झाले. खालून भाजीवाला ओरडतो तो मला वरून फक्त टोपलीएवढा दिसतो. मुलगा हळदीच्या बाजारात कामाला, सून शाळेत शिकवते. दिवसभर आम्ही दोघी आणि खिडकीतली कबुतरं. रविवारी हिचं डोहाळजेवण आहे. विहीणबाईंनी, म्हणजे हिच्या सासूने, हॉल घेतला आहे, फुलांचा झोपाळा ठरवला आहे, फोटोवाला सांगितला आहे. आज शुक्रवार. आज सकाळी हिची तपासणी होती, ती हिने सोमवारवर ढकलली. म्हणाली, डॉक्टर आराम कर म्हणतील आणि रविवारचा सगळा विचका होईल. पायातले पैंजण काढून कपाटात ठेवलेत. घट्ट होतात म्हणते. मी सकाळी मुलाला म्हटलं, हिला आजच दाखवून आण. तो चप्पल घालता घालता म्हणाला, आई, आता सगळं मशीनवर कळतं, तू नको डोकं लावूस. म्हणून मग मी वही मागवली.

तुम्ही मला पहिल्यांदा रागावलात ती जागा मला अजून डोळ्यांपुढे दिसते. आमचं स्वयंपाकघर, चुलीत कोळसे, माझ्या हाताला पिठाचे कण. मी कौतुकाने सांगत होते की काल एक बाळंतीण सोडवली, नाळेला राख लावली, झकास झालं. तुम्ही माझा हात धरून उजेडात नेलात. नखं बघितलीत. म्हणालात, तुझ्या हातात सासूचं कसब आहे आक्का, आणि नखांत मरण. मला लय राग आला. सासू गावातली जुनी सुईण, तिने ते दाराआडून ऐकलं, तिला माझ्याहून जास्त राग आला. पुढच्या खेपेला तुम्ही माझ्यासाठी नखं कापायचं यंत्र आणलंत. तसली वस्तू गावात कोणी बघितली नव्हती. बायका म्हणायच्या, डॉक्टरणीने हिला दागिना दिलाय. मी ते गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवून दाई म्हणून गावभर मिरवलं. अजून आहे. स्प्रिंग गेली आहे, पण आहे.

मग अंगठा. केंद्रावर आम्हा दहा-बारा जणींना जमिनीवर बसवून तुम्ही स्वतःची साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलीत. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. तुम्ही म्हणालात, हसून झालं की दाबा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबायचा, पाच मोजायचे, उचलायचा. कातडी परत भरून आली तर ठीक. खड्डा तसाच राहिला, डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे आले म्हणाली, तर कोणाचं ऐकायचं नाही, सणवार बघायचा नाही, तिला घेऊन केंद्र गाठायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना तुम्ही अंगठ्याने वाचायला लावलंत. महिनाभर मी दिसेल तो पाय दाबत सुटले होते. एकदा गोठ्यात म्हशीच्या पायावर दाबून बघितलं, तिने लाथ घातली. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जीपला टेकून पोट धरून हसलात.

त्या हसण्यात माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ पण होती. आता तिच्यावर येते. एकोणीस वर्षांची. ओच्यात चिंच लपवून खायची आणि सापडली की तोंडावर हात ठेवून खिदळायची. तिचा नवरा, माझा दीर, पलटणीत. तिचं डोहाळजेवण सातव्यात व्हायचं, पण दिराची रजा लांबत गेली आणि सासू म्हणाली, तो आल्याशिवाय झोपाळा बांधायचा नाही. असं करता करता नववा लागला. शेवटी पत्र आलं, गुरुवारी येतोय. मंगळवारी मी तिला न्हाऊ घालत होते. तेल लावताना अंगठा आपोआप नडगीवर गेला. दाबला, पाच मोजले, उचलला. खड्डा तिथेच. मी दहा मोजले, वीस मोजले, जसा काही जास्त मोजल्याने तो भरून येणार होता. ती वरून वाकून बघत होती. तिलाही ती कला माहीत होती, मी तिच्यावरच तर शिकले होते. म्हणाली, "आक्का, खड्डा पडला काय वं?" मी म्हटलं, "न्हाई गं. पडला तर भरला."

चुलीपुढे जाऊन सासूला सांगितलं की आत्याबाई, हिच्या पायांत पाणी भरलंय, केंद्रावर नेऊ या. ती भाकरी उलटत होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दोन वर्सं डॉक्टरणीची पेटी उचललीस, आता मला शिकवतीस व्हय? ह्या हातानं निम्मं गाव काढलंय. अंग भरलंय तिचं, पोरगा हाय. परवा माझं पोरगं येतंय. जेवण हुंदे, मग न्ये कुठं न्यायचं ते."

आणि बाई, मी पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. त्याच्या आदल्याच महिन्यात मी वरच्या आळीतल्या एका सुनेला तिच्या सासऱ्यासमोरून हाताला धरून तुमच्या जीपमध्ये आणून बसवलं होतं. तुम्ही म्हणाला होता, आक्का, तू तर फौजदार आहेस. दुसऱ्याच्या दारात होते. माझ्या चुलीपुढे मी सून होते. त्या घरातून बाहेर पडायला एकच दार, आणि त्या दारात सासू बसायची. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि ती मला पुन्हा पुन्हा पाय दाखवायची नाही, एवढी ती शहाणी होती.

गुरुवारी आंब्याला झोपाळा बांधलेला. दीर ट्रंक घेऊन एसटीतून उतरला तो थेट मळ्यातून फुलं तोडूनच आला. हिरवी साडी, हिरवा चुडा. चुडा भरताना कासारणीने दोनदा साबण लावला तरी बांगड्या हातात चढेनात, बायका म्हणाल्या, माहेरचं तूप मानवलंय. पाटावर बसली, ताट पुढे आलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली की काजवे दिसतात. मी उठले तोवर तिचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. बैलगाडी जुंपून केंद्राकडे निघालो. तुमची जीप दुसऱ्या गावाला गेलेली, ती वाटेत भेटली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाळ तुम्ही काढलंत. ती राहिली नाही. घरी परतलो तेव्हा खीर, पुरणपोळ्या, पाच भाज्या तशाच झाकून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळं जनावरांना घातलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर येऊन बसलात. मांडीवर चौकशीचा कागद होता. तुमचे डोळे सुजलेले होते, आणि त्या दिवशी चष्मा नाकावर जागेवर होता, म्हणून मला भीती वाटली. विचारलंत, "आक्का, पाय बघितले होतेस?" माझ्या पाठीमागे दारात सासू उभी होती. तिच्या बांगड्यांचा नेहमी आवाज यायचा, तेव्हा येत नव्हता. आत दीर भिंतीला टेकून बसला होता. हो म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग आणलीस का नाही? मग सासूचं नाव कागदावर, आणि मुलाला कळणार आईने काय केलं. पण सगळं सासूवर ढकलत नाही. निम्मी भीती तिची होती. निम्मी तुमची पेटी जाईल, ब्लेड, दोरा, साबणाची ती अल्युमिनियमची पेटी, जिच्यामुळे मला लोक घरात पाट टाकून बसवत होते, ती जाईल, याची होती.

मी म्हटलं, "न्हाई बाई. इसरले."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. म्हणालात, चूक माझी आहे, मी नीट शिकवलं नाही. कागद पुढे केलात आणि मी त्याच अंगठ्याला शाई लावून त्यावर टेकवला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते बघत मी आयुष्य काढलं. गावोगाव जाऊन दायांना पुन्हा बसवलंत. एकेकीला उभी करून अंगठा दाबायला लावायचा, चुकली की पुन्हा. साताऱ्याला मोठ्या पदावर गेलात, मग सांगलीला. जिल्ह्यातल्या नर्सा तुमच्या नावाने घाबरायच्या आणि मागे तुमच्यासारखा चष्मा ढकलून नक्कल करायच्या. आणि ह्या पोराला, जाऊच्या बाळाला, तुम्ही विसरला नाहीत. मूठभर होतं. माझी धाकटी अजून अंगावर पीत होती, तिच्या वाटणीचं ह्याला पाजलं. तुम्ही सांगितलंत की उघड्या छातीला धरून ठेव, तर मी ते महिनाभर तसंच बांधून वावरले. दर आठवड्याला लिंबाला काटा टांगून झोळीत घालून त्याचं वजन करायचा आणि वजन वाढलं की छत्री विसरून जायचा. तोच आता हळदीच्या बाजारात आहे, मला आई म्हणतो, आणि ह्या लिहिणारीचा बाप आहे. जन्म देणारी कोण, हे बापलेकींना माहीत आहे. अंगठ्याचं कोणालाच माहीत नाही. आता हिला कळलं. बघा, पेन थांबलं आहे. लिही बाई, लिही, संपलेलं नाही.

सांगलीला तुमचा निरोपाचा सत्कार होता, तेव्हा मला गाडी पाठवून बोलावून घेतलंत. स्टेजवर बसवलंत. माझ्या आयुष्यात खुर्चीवर बसायचा तो तिसरा प्रसंग असेल. आणि भाषणात तीच गोष्ट सांगितलीत. माझ्या सगळ्यात हुशार दाईच्या लक्षात आलं नाही, म्हणजे दोष शिकवणाऱ्याचा, त्या एका दिवसाने मला कामाला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शाल दिली, नारळ दिला. मी तो नारळ मांडीवर घेऊन बसले आणि समोर बसलेल्या शंभर बायकांकडे बघत होते. सगळ्या दाया, सगळ्या नर्सा. त्यांत सासू म्हणून बोलावलेली एकही नव्हती. तिथेच मला कळलं की तुम्ही आयुष्यभर चुकीच्या बाईला शिकवत राहिलात, आणि ते माझ्यामुळे. मी विसरले नव्हते, मला बोलता आलं नव्हतं. हे एकदा सांगितलं असतं, तर तुम्ही दायांना सोडून चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना गोळा केलं असतंत. तुमचं डोकं तसंच होतं. शाल ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्यांत. अंगावर एकदाही घेतली नाही.

शेवटी तुम्ही मिरजेला घरी असायचा तेव्हा सांगायलाच आले होते. तेव्हा गुडघे चालत होते. तुम्ही खिडकीत बसला होता. तासाभरात तीनदा विचारलंत, आपण कोण. मी तीनदा सांगितलं, आक्का. चौथ्यांदा तुम्ही स्वतःच माझा हात धरून नखं बघितलीत आणि म्हणालात, छान आहेत. तेव्हा सांगितलं असतं तर दहा मिनिटांत तुमच्या डोक्यातून गेलं असतं आणि मी मोकळी झाले असते. तरी तोंड उघडलं नाही. रिक्षात बसून सांगलीला परत आले.

इथून पुढचं अक्षर वेगळं आहे, डॉक्टरबाई. आता विहीणबाई लिहितायत. मागची पानं त्यांनी आधी वाचून काढली, माझ्याकडे न बघता. आज रविवार आहे.

शुक्रवारी तिथवर लिहून नातीने वही मिटली. म्हणाली, "आज्जी, परवा तेल लावताना माझ्या पायावर काय बघत होतीस?" मी कबुतरांकडे बघायला लागले. तिने गाऊन वर घेतला, पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आता दाब, मी मोजते. मी दाबला. पाचाला उचलला. ती मोजत राहिली, दहा, पंधरा. विसाला तिने मोजणं सोडलं. मग हळूच सांगितलं की काल सकाळपासून डोकं दुखतंय, रविवारसाठी गप्प होते.

तेवढ्यात विहीणबाईच आल्या, फुलांच्या दागिन्यांचा नमुना घेऊन. नात म्हणाली, आई, पाय दाबला की खड्डा तसाच राहतोय, दवाखान्यात जायचंय. ह्या म्हणाल्या की अगं, दोनच दिवस राहिलेत, सगळ्यांना सांगून झालंय, सोमवारी सकाळी पहिला नंबर लावू. लिहा हो विहीणबाई, असंच म्हणाला होता, मी काही वाढवून सांगत नाही. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल, त्यांनी हौसेने मांडलं होतं. मी खाटेचा दांडा धरून उठले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"जेवान सोमवारी बी हुईल. हिला आत्ता न्या. माझ्या घरात मी ह्यो एक दिस गिळलाय, दुसऱ्यांदा गिळायची न्हाई."

विहीणबाईंनी हातातला नमुना खाटेवर ठेवला. खाली बसल्या. आपल्या सुनेचा पाय हातात घेतला आणि स्वतःचा अंगठा दाबून बघितला. मग फोन केला. नातजावई गाडी घेऊन आला. बॅग ह्यांनीच उचलली, पोरीला कडेने धरून जिना उतरल्या. मी कठड्याला धरून वर उभी होते. तीन मजल्यांची पावलं ऐकली, मग गाडीचं दार ऐकलं, मग काही नाही. मिरजेच्या दवाखान्यात सांगितलं की बीपी खूप आहे, आणलीत ते बरं केलंत, आता घरी सोडणार नाही. इंजेक्शनं चालू आहेत. बाळ अजून आत आहे, ठोके चांगले आहेत म्हणतात. माझी सून तिथे बसून आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि मला इथून जाताही येत नाही. मी ह्या खोलीत आहे आणि फोन कधी वाजतो ते बघते आहे.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न नाहीच. वही नातीच्या उशाखाली जाईल. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची राहिली, ती विहीणबाईंनाच लिहायला लावते, म्हणजे त्यांनाही कळेल. परवा तेल लावताना, असं नात म्हणाली, तो दिवस बुधवार होता. बुधवारीच मला खड्डा दिसला होता. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी मुलाला एकदा म्हटलं आणि त्याने झटकल्यावर पुन्हा गप्प बसले. ह्या खेपेला सासू नव्हती, दारात कोणी बसलेलं नव्हतं, तरीसुद्धा. तोंडाने सांगवेना, म्हणून तिच्याच हाताने लिहून घेतलं. पत्र तुमच्यासाठी नव्हतं, बाई. तुमचं नाव नुसतं वर होतं.

विहीणबाई, तुम्ही डोळे पुसा आणि पुढचं नीट लिहा, चूक होता कामा नये. आचाऱ्याला आधीच पैसे दिलेत म्हणून हॉलवरचा स्वयंपाक थांबवला नाही, तो आता होत आला असेल. त्यातलं ढोरांना काही घालायचं नाही. खीर, मसालेभात, पुरणपोळ्या, जे असेल ते मोठ्या डब्यांत भरून मिरजेला वॉर्डात पाठवा, नर्सबाईंना विचारून, पोटुशी असतील त्या सगळ्या बायकांना, आणि त्यांच्या सासवा बाहेर बाकड्यावर बसलेल्या असतील त्यांनाही. सासवांना आधी वाढा. नातीला काय चालतं ते डॉक्टर सांगतील तसं. आणि एक वाटी खीर इथे वर पाठवा, वेलदोडा जरा जास्त. मला खाली यायला जमत नाही.